दिव्यांचे सर्किट संध्याकाळ झाली की पडते. ब्रेकर बदलूनही तेच

परसदार
14 जुलै, रात्री 10.20

नमस्कार. चिपळूणजवळच्या आमच्या गावच्या घरात गेले आठ दिवस दिव्यांचे सर्किट सारखे पडत आहे. दोन वायरमन येऊन गेल्यावरही कारण सापडले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

घराचा पुढचा भाग जुना, जांभ्याच्या भिंतींचा आणि कौलारू आहे. तिथे पट्टीची वायरिंग आहे. मागचा भाग बारा वर्षांपूर्वी स्लॅबचा बांधला आणि त्याच वेळी संपूर्ण घराला नवा डीबी, म्हणजे ब्रेकरची पेटी, बसवला. दिवे-पंख्यांसाठी एक मोठा ब्रेकर आहे आणि पॉवर प्लग, गिझर व पंप यांच्यासाठी दुसरा. पडतो तो नेहमी दिव्यांचाच. फ्रिज, पंप सगळे चालू राहते.

पडण्याची वेळ साधारण संध्याकाळी सात ते रात्री दहा. पहाटे किंवा दुपारी तो एकदाही पडलेला नाही. पडल्यावर कधी वर केला की राहतो, कधी अर्धा-अर्धा तास राहत नाही. पहिल्या वायरमनने सगळे बल्ब आणि ट्यूब काढून पाहिल्या, तरी पडला. मग मोठ्या ब्रेकरखालचे दिव्यांचे तिन्ही एमसीबी, म्हणजे छोटे ब्रेकर, खाली ठेवून पाहिले, तरीही पडला. तेव्हा ‘ब्रेकरच खराब आहे’ असे सांगून त्याने नवा बसवला. नवा तर जुन्यापेक्षा जास्त वेळा पडतो. दुसरा वायरमन म्हणाला की पावसाळ्यात हे असेच चालते. मोठा ब्रेकर वगळून तार सरळ एमसीबींना जोडून देतो, गणपतीनंतर निवांत पाहू. आईचे वय 78 आहे आणि अंधारात तिची चालण्याची पंचाईत होते, त्यामुळे तसे करून टाकण्याचा मोह होतो आहे. करावे का?

खटका
14 जुलै, रात्री 10.48

करून टाका. आमच्या घरी चार वर्षांपूर्वी असेच सरळ जोडून घेतले, तेव्हापासून एकदाही दिवे गेले नाहीत. एमसीबी आहेतच, शॉर्ट झाला तर ते पडतील. कोकणातल्या पावसात तो मोठा ब्रेकर म्हणजे घरात एक रुसलेला जावई.

वीजतंत्री
15 जुलै, सकाळी 6.35

परसदार, कृपा करून तसे करू नका. मी 34 वर्षे वायरमन म्हणून काम करून निवृत्त झालो आहे आणि ‘तूर्तास सरळ जोडून देतो’ म्हणून केलेली जोडणी पुढच्या पंधरा वर्षांत कोणी पुन्हा उघडलेली मला फारशी दिसलेली नाही. खटका यांच्या म्हणण्याला उत्तर आहे, पण ते आकड्यांत द्यावे लागेल आणि त्यासाठी आधी थोडी माहिती हवी.

पहिली गोष्ट, पडतो ते नेमके काय? आपण सगळेच ‘ब्रेकर पडला’ म्हणतो, पण एमसीबी आणि आरसीसीबी ही दोन वेगळी उपकरणे आहेत आणि त्यांच्या पडण्याचे अर्थही वेगळे आहेत. एमसीबी तारेतून जाणारा एकूण प्रवाह किती, एवढेच पाहतो. थोडा जास्त प्रवाह बराच वेळ वाहिला तर आतली पट्टी तापून तो पडतो, आणि शॉर्ट झाला तर आतल्या चुंबकामुळे तत्क्षणी पडतो. आरसीसीबीला एकूण प्रवाहाशी देणेघेणे नसते. फेजमधून गेला किती आणि न्यूट्रलमधून परत आला किती, एवढी वजाबाकी तो करत बसतो, आणि बाकी ठरावीक मर्यादेपुढे गेली की पडतो. म्हणून पुढील गोष्टी पाहून सांगा: त्या ब्रेकरवर चाचणीसाठी ‘टी’ लिहिलेले बटण आहे का, त्यावर कोणते आकडे छापले आहेत, छोटे एमसीबी एका खांबाचे (सिंगल पोल) आहेत की दोन, आणि आठ दिवसांपूर्वी किंवा या वर्षात कधीही कुठे नवीन दिवा, पंखा, खिळा, ड्रिलचे भोक, काहीही झाले होते का.

तिसरा मजला
15 जुलै, सकाळी 9.10

आमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्येही दिव्यांचा ब्रेकर पडत असे. हॉलच्या फॉल्स सीलिंगमध्ये 24 एलईडी दिवे एकाच बटणावर होते, आणि बटण दाबले की दर चार-पाच वेळांमागे एकदा ब्रेकर पडायचा. सगळ्या दिव्यांची बेरीज 300 वॉटही नव्हती, म्हणजे सव्वा-दीड अँपिअर, आणि एमसीबी 6 अँपिअरचा. कारण शेवटी असे निघाले की प्रत्येक एलईडीच्या ड्रायव्हरमध्ये एक कपॅसिटर असतो आणि बटण दाबल्याच्या क्षणी ते सगळे एकदम भरतात, तेव्हा काही क्षणांपुरता प्रवाह कित्येक पट उसळतो. आमचा एमसीबी ‘बी’ जातीचा होता, जो 3 ते 5 पट प्रवाहाला तत्काळ पडतो. ‘सी’ जातीचा बसवला, जो 5 ते 10 पटींना पडतो, आणि दिवे दोन बटणांवर विभागले. त्यानंतर त्रास गेला.

वीजतंत्री
15 जुलै, सकाळी 9.40

तिसरा मजला यांचे निदान बरोबर आहे, परंतु तो एमसीबी पडण्याचा प्रकार झाला आणि तो बटण दाबतानाच होतो. परसदार यांचा ब्रेकर तर बल्ब काढलेले असताना पडतो आहे. जाता जाता एक सांगतो, की जात बदलणे वेगळे आणि अँपिअर वाढवणे वेगळे. दिव्यांच्या तारा बहुधा 1 किंवा 1.5 चौरस मिलिमीटरच्या असतात. त्यांच्यावर 6 किंवा 10 अँपिअरचा एमसीबी शोभतो. तो पडतो म्हणून 16 किंवा 20 चा बसवणारे लोक ब्रेकरऐवजी तार जाळण्याची सोय करतात.

आडवाट
15 जुलै, दुपारी 1.15

घरी इन्व्हर्टर आहे का? आमच्याकडे इन्व्हर्टर बसवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून आरसीसीबी टिकेना. इन्व्हर्टर बसवणाऱ्याने फेज दिव्यांच्या सर्किटमधून घेतला होता आणि न्यूट्रल मात्र जवळ पडला म्हणून प्लगच्या सर्किटमधून. गेलेला प्रवाह एका आरसीसीबीतून आणि परतीचा दुसऱ्यातून, मग दोघांचाही हिशेब जुळेना. न्यूट्रल ज्याच्या त्याच्या पट्टीवर नेल्यावर सगळे शांत झाले.

परसदार
15 जुलै, रात्री 8.50

सर्वांचे आभार. इन्व्हर्टर नाही. पडणाऱ्या ब्रेकरवर ‘टी’ बटण आहे, त्यावर 25 अँपिअर आणि 0.03 अँपिअर असे दोन आकडे आहेत; म्हणजे तो आरसीसीबीच आहे. त्याच्याखाली एका खांबाचे तीन एमसीबी आहेत: पुढची खोली आणि माजघर, झोपण्याच्या खोल्या, आणि बाहेरचे दिवे, ज्यांत पडवी, जिना आणि फाटकाचा खांब येतो. एमसीबी कधीच पडलेला नाही.

नवीन काम म्हणाल तर शिमग्याच्या आधी, म्हणजे मार्चमध्ये, फाटकाच्या खांबावर पत्र्याचा नवा दिवा बसवला. पण त्यानंतर चार महिने काहीच झाले नाही आणि पहिल्या वायरमनने तो बल्बही काढून पाहिला होता, म्हणून मी त्याचा उल्लेख केला नाही.

हे लिहीत असतानाच पुन्हा पडला.

सौदामिनी
15 जुलै, रात्री 9.55

परसदार, तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये उत्तराचा मोठा भाग आहे, तो म्हणजे ‘तिन्ही एमसीबी खाली ठेवले तरीही पडला’. त्यावरून वायरमनने काढलेला निष्कर्ष सहज सुचणारा असला तरी चुकीचा आहे. मी तंत्रनिकेतनात हा विषय शिकवते आणि दरवर्षी हाच प्रश्न परीक्षेत घालते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

एका खांबाचा एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रलची काळी तार डीबीतल्या पितळी पट्टीवर तशीच जोडलेली राहते. त्यामुळे तिन्ही एमसीबी खाली असले, तरी तिन्ही सर्किटांचे न्यूट्रल घरभर पसरलेले आणि आरसीसीबीला जोडलेलेच असतात. आता यांपैकी एखादा न्यूट्रल कुठे तरी अर्थिंगच्या हिरव्या तारेला किंवा अर्थ केलेल्या पत्र्याला टेकला आहे असे समजा. फेज बंद आहे, दिवे बंद आहेत, तरी आरसीसीबीच्या न्यूट्रलमधून प्रवाह वाहू शकतो, कारण विजेच्या खांबावरून येणारा न्यूट्रल हा नेमका शून्य व्होल्टवर नसतो. तुमच्या वाडीतल्या सगळ्या घरांचा परतीचा प्रवाह त्याच तारेतून रोहित्राकडे जातो, तारेला स्वतःचा थोडा रोध असतो, आणि त्यामुळे तुमच्या घराशी त्या न्यूट्रलवर जमिनीच्या तुलनेत दोन-चार व्होल्ट उभे राहतात. भार जेवढा जास्त, तेवढे हे व्होल्ट जास्त. संध्याकाळी सात ते दहा वाडीत सगळ्यांचे दिवे, पंखे आणि टीव्ही चालू असतात. म्हणजे तुमच्या घरातले सर्व बंद असतानाही शेजाऱ्यांचा थोडासा प्रवाह तुमच्या न्यूट्रलमधून आत येऊन तुमच्या अर्थिंगच्या खड्ड्यातून जमिनीत उतरत असावा. आरसीसीबीला फेजमध्ये शून्य आणि न्यूट्रलमध्ये काही तरी दिसते, आणि तो पडतो. तो खराब नाही. त्याने त्याचे काम चोख केले आहे.

नवा जास्त का पडतो, याचेही उत्तर आहे. 30 मिलिअँपिअरच्या, म्हणजे तुमच्यासारख्या 0.03 अँपिअरच्या, आरसीसीबीने 30 ला पडलेच पाहिजे आणि 15 पर्यंत पडता कामा नये, असे मानक सांगते. मधल्या टापूत कुठेही पडला तरी तो योग्यच. तुमचा जुना कदाचित 27 ला पडत असेल, नवा 21 ला.

हा तर्क खरा की खोटा हे एका मोजणीवरून कळेल. घरात मल्टीमीटर नीट वापरू शकणारे कोणी आहे का? दिव्यांचा आरसीसीबी खाली ठेवून, पॉवरच्या तीन पिनी सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात एसी व्होल्ट मोजायचे आहेत, एकदा संध्याकाळी आणि एकदा पहाटे. खाली ठेवून हे शब्द महत्त्वाचे आहेत. तो वर असेल तर दोषाच्या जागी न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना टेकलेले असल्यामुळे जवळजवळ शून्यच दिसेल आणि सगळे ठीक असल्याचा भास होईल.

लेस्टरकर
15 जुलै, रात्री 11.30

सौदामिनीताईंचे पटले, तरी जिन्याचा दिवाही पाहून घ्या. खाली-वर दोन बटणांचा दिवा असला की इथे इंग्लंडमधल्या जुन्या घरांत हमखास आढळणारा दोष म्हणजे फेज खालच्या सर्किटमधून आणि न्यूट्रल वरच्या सर्किटमधून घेतलेला असतो. तो वर्षानुवर्षे कोणाला जाणवत नाही. 2018च्या ब्रिटिश वायरिंग मानकाने घरगुती दिव्यांच्या सर्किटांनाही 30 मिलिअँपिअरचे संरक्षण आवश्यक केले आणि त्यानंतर नवे पॅनेल बसवलेल्या कित्येक घरांत जिन्याचा दिवा लावला की अंधार होऊ लागला. इथे आता प्रत्येक सर्किटला स्वतंत्र आरसीबीओ, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी एकत्र असलेले उपकरण, बसवण्याकडे कल आहे, त्यामुळे दोष कोणत्या सर्किटात आहे हे तरी लगेच कळते.

परसदार
17 जुलै, सकाळी 7.05

माझा भाचा आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा अभ्यासक्रम करतो. तो काल मुक्कामाला आला आणि सौदामिनीताईंनी सांगितले तसे मोजले. काल रात्री सव्वाआठ वाजता 4.1 व्होल्ट, आज पहाटे साडेपाच वाजता 0.9 व्होल्ट. पहाटे आरसीसीबी वर करून त्याने कुतूहलापोटी पुन्हा मोजले, तर आकडा शून्याला टेकला. पाहून दोघांनाही हसू आले.

जिन्याच्या दोन्ही बटणांचा फेज आणि न्यूट्रल बाहेरच्या सर्किटमधलाच आहे, हे त्याने डीबी बंद करून तपासले.

तरीही एक शंका राहतेच. दिवा मार्चमध्ये बसवला. न्यूट्रल तिथे टेकला असेल तर एप्रिल-मे महिन्यांत ब्रेकर का पडला नाही? तेव्हा मुंबईची सगळी मंडळी सुट्टीला आलेली असतात, वाडीत भार उलट जास्त असतो.

सौदामिनी
17 जुलै, सकाळी 10.20

फार चांगली शंका. उत्तर बहुधा तुमच्या अर्थिंगच्या खड्ड्यात आहे. जांभा आणि त्याखालचा कातळ उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत असतो आणि वीज जमिनीत उतरू देत नाही. खड्ड्यात वर्षानुवर्षे पाणी घातले नसेल, तर मे महिन्यात त्याचा रोध 300 ओहमसुद्धा असू शकतो. 4 व्होल्ट भागिले 300 म्हणजे 13 मिलिअँपिअर. आरसीसीबी हलणार नाही. जुलैत जमीन भिजली आणि तोच रोध समजा 60 ओहमवर आला, तर 4.1 भागिले 60 म्हणजे सुमारे 68 मिलिअँपिअर. ब्रेकर वर राहणे अशक्य. पहाटेच्या 0.9 व्होल्टला 15 मिलिअँपिअर; म्हणून पहाटे टिकतो. 300 आणि 60 हे आकडे मी अंदाजाने धरले आहेत, अर्थ टेस्टरने मोजून खरे काय ते कळेल. तुमच्या दिव्यात पाणी गेल्यामुळे हे झाले असे नसून, पावसाने तुमची अर्थिंग सुधारली आणि मार्चपासून दडून बसलेला दोष बाहेर आला, असा माझा कयास आहे.

शुद्ध ओलीमुळेही गळती होते, पण ती फेजकडून होते. 230 व्होल्ट असल्यामुळे साडेसात हजार ओहमची ओलसर वाटही 30 मिलिअँपिअर वाहून नेते. न्यूट्रलवर चारच व्होल्ट असतात, तेव्हा तिथे धातूला धातू टेकल्याशिवाय एवढा प्रवाह वाहणार नाही. म्हणून ओल शोधण्यापेक्षा चिमटलेली किंवा कापली गेलेली काळी तार शोधा.

खटका
17 जुलै, दुपारी 12.05

मग सोपा उपाय, त्या फाटकाच्या दिव्याची हिरवी तारच काढून टाकायची. अर्थिंग नाही तर टेकणार कशाला? आणि माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही. एमसीबी असताना आरसीसीबी हवाच कशाला?

वीजतंत्री
17 जुलै, दुपारी 2.30

खटका, रागावू नका, पण तुमच्या दोन्ही सूचना एकत्र अमलात आणल्या तर काय होईल ते पाहू.

आरसीसीबी वगळला आणि पावसात त्याच पत्र्याच्या दिव्यात न्यूट्रलऐवजी फेजची तार टेकली, असे समजा. हिरवी तार जोडलेली असेल तर प्रवाह अर्थिंगच्या खड्ड्यातून जमिनीत जाईल. सौदामिनीताईंचा 60 ओहमचा अंदाज घेतला तर 230 भागिले 60, म्हणजे सुमारे 3.8 अँपिअर. दिव्यांचा एमसीबी 6 अँपिअरचा धरू. 3.8 अँपिअर त्याच्या दृष्टीने अगदी नेहमीचा भार आहे. तो रात्रभर, आठवडाभर पडणार नाही. तेवढा वेळ अर्थिंगच्या तारेला जोडलेली प्रत्येक धातूची वस्तू, फाटकाचा दिवा, फ्रिज, धुण्याचे यंत्र, पंपाची बॉडी, 200 व्होल्टच्या आसपास उभी राहील. आरसीसीबी असेल तर हाच 60 ओहमचा सुमार खड्डाही पुरतो, कारण त्याला पडायला 30 मिलिअँपिअर लागतात, 3.8 अँपिअर नव्हेत. आपल्याकडच्या कातळात उत्तम अर्थिंग मिळणे कठीण, म्हणून कोकणात तर आरसीसीबी अधिकच हवा.

आणि हिरवी तारही काढली, तर प्रवाहाला जमिनीत जायला वाटच उरणार नाही. दिव्याचा पत्रा गुपचूप 230 व्होल्टवर थांबून राहील, ओल्या पायाने फाटक उघडणाऱ्या माणसाची वाट पाहत.

परसदार, आता शोधण्याची पद्धत सांगतो. हे काम भाच्याने एकट्याने करू नये. दिवा, पंखा, फ्यूज किंवा स्विच बदलणे वगळता वायरिंगचे काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच व्हावे, हा दंडक 1956च्या भारतीय विद्युत नियमांपासून चालत आला आहे. तेव्हा मेगर, म्हणजे तारेच्या आवरणाचा रोध मोजण्याचे यंत्र, असलेला परवानाधारक माणूस बोलवा, भाच्याला शेजारी उभा करा, शिकेल.

मेन स्विच बंद करून, वीज नसल्याची खात्री मीटरने करून घ्यावी. नुसत्या टेस्टरवर विसंबू नये, कारण त्यातला निऑन दिवा न्यूट्रलचे काहीच सांगत नाही. मग दिव्यांच्या न्यूट्रल पट्टीवरून तिन्ही सर्किटांच्या काळ्या तारा सोडवाव्यात आणि सोडवण्याआधी प्रत्येकीला कागदी पट्टी चिकटवून नाव लिहावे. नाव न लिहिता सोडवलेल्या तीन काळ्या तारा म्हणजे पुढचा दोष तयार केल्यासारखे आहे. मग प्रत्येक काळी तार आणि अर्थ यांच्यात 500 व्होल्टच्या मेगरने मोजावे. मेगर लावण्यापूर्वी एलईडी दिवे आणि पंख्यांचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर काढावेत, नाहीतर ते बिघडतील. आमच्या वेळी 50 भागिले पॉइंटांची संख्या एवढे मेगओम आले पाहिजेत असा हिशेब असे, फार पॉइंट नसतील तर 1 मेगओमवर काम भागे. आजही 1 मेगओमच्या खाली असलेली तार मी संशयितच मानतो. ज्या सर्किटात शून्याजवळ आकडा येईल ते पकडायचे आणि मधला जंक्शन बॉक्स उघडून त्याचे दोन तुकडे करायचे. ज्या तुकड्यात दोष, त्याचे पुन्हा दोन. सगळ्या घराच्या पट्ट्या उकलत बसू नका.

परसदार
21 जुलै, रात्री 9.15

दोष सापडला. काल चिपळूणहून परवानाधारक कंत्राटदारांचा माणूस मेगर आणि अर्थ टेस्टर घेऊन आला आणि वीजतंत्री काकांनी लिहिले त्याच क्रमाने काम केले. मी धागा छापूनच त्याच्या हातात दिला होता, त्याचे त्याला थोडे नवल वाटले.

झोपण्याच्या खोल्यांचा न्यूट्रल अर्थपासून 40 मेगओम, पुढची खोली आणि माजघर 6 मेगओम. जांभ्याची भिंत आणि आषाढ पाहता त्याने ते चांगले मानले. बाहेरच्या सर्किटाचा आकडा सरळ शून्य. पडवीतला जंक्शन बॉक्स उघडून फाटकाकडे जाणारी तार वेगळी केली, तर पडवी आणि जिना 3 मेगओम, फाटकाची तार शून्य. खांबावरचा दिवा उतरवला. पत्र्याच्या डब्याला मागून पाडलेल्या भोकाची कड तशीच धारदार ठेवली होती, तिथे रबरी बूच घातलेले नव्हते. स्क्रू आवळताना काळी तार त्या कडेवर दाबली गेली होती आणि वरचे आवरण नखाएवढे कापले जाऊन तांबे पत्र्याला घट्ट टेकले होते. लाल तार त्याच भोकातून गेली आहे आणि तिच्या आवरणावरही खोल चरा पडला होता. तो चरा पाहिल्यावर वीजतंत्री काकांचे दुपारचे उत्तर मी पुन्हा वाचून काढले.

बल्ब काढून काही का कळले नाही, हेही आता ध्यानात आले. बल्ब काढला तरी होल्डरपर्यंतची काळी तार जिथे होती तिथेच होती.

पडवी ते फाटक तार नवीन ओढली, दिवा पावसाला बंद असणारा प्लास्टिकचा बसवला, तार खालून केबल ग्लँडमधून, म्हणजे तारेला घट्ट बसणाऱ्या बुचातून, आत घेतली. अर्थिंगचा खड्डा मोजला तर 72 ओहम आला, तोही भर पावसात. डिसेंबरमध्ये नवा खड्डा घेऊन लांब पाइप, कोळसा आणि मीठ घालून घ्यायचे ठरवले आहे. आणि बाहेरच्या सर्किटाला त्याने स्वतंत्र दोन खांबांचा आरसीबीओ बसवला, तो फेजबरोबर न्यूट्रलही तोडतो. त्याचा न्यूट्रल आता वेगळा नेला आहे. म्हणजे उद्या फाटकाशी काही झाले तरी आईच्या खोलीत अंधार होणार नाही.

पहिला आरसीसीबी मी टाकून दिला नव्हता. तो निष्कारण बदलला गेला, याचे वाईट वाटते.

सौदामिनी
21 जुलै, रात्री 10.05

72 ओहम. माझा अंदाज फार चुकला नाही, याचा आनंद आहे. 4.1 भागिले 72 म्हणजे 57 मिलिअँपिअर, पडणारच होता. पहाटे 0.9 भागिले 72 म्हणजे साडेबारा, टिकणारच होता. तुमची हरकत नसेल तर हे आकडे पुढच्या परीक्षेत घालते. जुना आरसीसीबी जपून ठेवा, पॉवरच्या बाजूला कधी तरी लागेल. दोन्ही बाजूंचे ‘टी’ बटण दर तीन महिन्यांनी एकदा दाबून पाहत जा. दाबल्यावर पडला नाही तरच तो बदलायचा. ते बटण अर्थिंगवर अवलंबून नसते, त्यामुळे ते चालले म्हणजे खड्डाही ठीक आहे असे मात्र समजू नका.

वीजतंत्री
22 जुलै, सकाळी 6.20

लाल तारेवरचा चरा वाचून बरे वाटले नाही, पण वेळेत दिसला. मीठ-कोळशाचा खड्डा घेतल्यावर उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतत जा, आणि मे महिन्यात पुन्हा मोजा. भर पावसातला आकडा हा खड्ड्याचा सर्वांत चांगला आकडा असतो.

खटका
26 जुलै, रात्री 8.30

परवाच्या 3.8 अँपिअरच्या हिशेबानंतर दोन दिवस झोप नीट लागली नाही. आज आमच्याकडचा आरसीसीबी पुन्हा जोडून घेतला. वर राहत नाही. तिन्ही एमसीबी खाली ठेवले तरी राहत नाही. मेगरवाल्या माणसाला सोमवारी बोलावले आहे, तोपर्यंत काळ्या तारांना लावायच्या कागदी पट्ट्या कापून ठेवतो.